एकच झाड सांगा, मॅडम!

मे उजाडला की पत्रं सुरू होतात. कऱ्हाडहून येवोत नाहीतर जतहून, प्रश्न एकच : "पक्षी यावेत म्हणून कुंपणाला कोणतं झाड लावू? एकच सांगा." एकच सांगता येत नाही, हीच तर अडचण आहे. बुलबुलाला फळ लागतं, शिंजिराला मध लागतो, वटवट्याला दाट झुडपाचा तळ लागतो आणि पिल्लं झाली की सगळ्यांनाच अळ्या लागतात. एका झाडात हे सगळं मिळत नाही, म्हणून तर मिश्र कुंपण. सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांना यंदा एकदमच उत्तरं देते.

प्रश्न : चार गुंठ्यांचा प्लॉट आहे. मागची बाजू साठ फूट, जमीन काळी. काय काय लावू आणि किती अंतरावर? (कऱ्हाड)

दीड फूट रुंद आणि तितकाच खोल चर काढा. निघालेल्या मातीत कुजलेलं शेणखत मिसळून चर पुन्हा भरा. काळ्या जमिनीत पाणी साचतं आणि करवंदाला ते सोसत नाही, म्हणून माती वर थोडी वरंब्यासारखी उंच ठेवा. दोन ओळी घ्या, ओळींत दीड फूट आणि रोपांत दोन फूट अंतर. दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध येऊ द्या. साठ फुटांना साठेक रोपं लागतील.

बाहेरच्या ओळीला काटेरी मंडळी : करवंद, काटेकोरांटी, अधूनमधून मेंदी. आतल्या ओळीला अडुळसा आणि निरगुडी. या दोघांना शेळी तोंड लावत नाही. दर दहा फुटांवर एक तुती किंवा कढीपत्ता लावा आणि तो वर जाऊ द्या. भरपूर ऊन असेल तिथे धायटी हवीच. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तिला लाल नळीसारखी फुलं येतात, शिंजीर तिथून हलत नाही. एकाच जातीची सलग दहा रोपं लावू नका, दोन-दोन तीन-तीन करून मिसळा. पहिली दोन वर्षं शेंडे खुडत राहा, नाहीतर कुंपण वर वाढतं आणि खालून उघडं पडतं. तिसऱ्या वर्षी रानतोंडलीचा एखादा वेल चढवा. तिची लाल फळं बुलबुलाला फार आवडतात.

चर काढण्याआधी हद्दीची खात्री करा. शंका असेल तर मोजणी करून घ्या. झाड लावल्यावर शेजाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

प्रश्न : दोन वर्षं जूनमध्ये रोपं लावली, दोन्ही वेळा जळाली. जमिनीत दोष आहे का? (आटपाडी)

दोष जमिनीचा नाही, पंचांगाचा आहे. महाबळेश्वरला लागू पडणारा महिना आटपाडीला लागू पडत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा पट्टा. तिथला भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. चर उन्हाळ्यात काढून ठेवा, रोपं तो पाऊस झाल्यावर लावा, बुंध्याशी पाचटाचं आच्छादन द्या आणि पहिले दोन उन्हाळे पाणी तोडू नका. मेंदी, बोर, हेकळ, निरगुडी निवडा. तरी जळाली तर मात्र माती तपासून घ्या.

प्रश्न : नर्सरीवाले कोनोकार्पस घ्या म्हणतात. सहा महिन्यांत हिरवी भिंत होते, रोगही पडत नाही. (सातारा)

घेऊ नका. रोग पडत नाही याचा अर्थ तिथे किडा नाही आणि किडा नाही तिथे पक्षी नाही. गुजरात सरकारने २०२३मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. तिकडे नको झालेला माल इकडे "परदेशी, झटपट" म्हणून विकायला कुणी काढला तर मला नवल वाटणार नाही. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत चौकशी करा.

प्रश्न : घराभोवती काटेरी झाडं अशुभ असतात, असं वास्तुतज्ज्ञ म्हणतात. (सांगली)

तो माझा प्रांत नाही. मांजराला करवंदीत शिरता येत नाही, एवढं मला माहीत आहे आणि बुलबुलालाही.

प्रश्न : द्राक्षबागेच्या बांधाला असं कुंपण केलं तर पक्षी बाग फस्त करतील ना? (तासगाव)

काही अंशी करतील. बुलबुल आणि साळुंक्या द्राक्ष खातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. बागेच्या बांधाला तुतीसारखं फळझाड लावू नका. निरगुडी, अडुळसा, कोरांटी लावा. फळझाडं घराच्या बाजूला ठेवा आणि घड गोड व्हायला लागले की जाळी टाकाच.

पण जे तुम्ही विचारलंच नाही ते सांगते. बांधाला जास्वंद लावू नका. द्राक्षावरचा गुलाबी पिठ्या ढेकूण जास्वंदीवरही तितक्याच आनंदाने राहतो. शोभेची जास्वंद म्हणजे किडीची कायमची वसाहत. आधीच लावली असेल तर पानांच्या बेचक्यात आणि आक्रसलेल्या शेंड्यांत पांढरा कापूस दिसतो का ते बघा. दिसला तर तो शेंडा पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांचा सल्ला घ्या. माझ्या उत्तरावर बाग सोडू नका.

प्रश्न : तुमच्या सांगण्यावरून कढीपत्ता आणि लिंबू लावलं. आता पानं अळ्यांनी खाल्ली. दुकानदाराने औषध दिलंय, पंपाला किती टाकू? (पलूस)

काहीही टाकू नका. बाटली उघडली नसेल तर परत करा.

दर वर्षी हे पत्र येतं आणि दर वर्षी माझा संयम थोडा कमी झालेला असतो. पक्ष्यांसाठी कुंपण लावायचं आणि त्यावर अळी दिसली की पंप पाठीला लावायचा, याला काय म्हणायचं? ती अळी म्हणजेच पक्ष्यांचं जेवण आहे. लोकांना वाटतं, बुलबुल फळं खातो, म्हणजे पिल्लांनाही फळंच भरवत असेल. मे महिन्यात एखाद्या घरट्यापासून दूर, सावलीत बसून बघा. नर-मादी आलटून पालटून येतात. चोचीत हिरवी अळी असते. ती फांदीवर आपटून मऊ केली जाते आणि मग एका उघड्या लाल जबड्यात जाते. पुन्हा लगेच दुसरी फेरी. पिल्लं जेमतेम दोन आठवड्यांत घरटं सोडतात, ती या अळ्यांच्या जोरावर. धान्य खाणारी सुगरण आणि घरचिमणीसुद्धा पिल्लांना किडे भरवतात. किड्यांशिवायच्या कुंपणात पक्षी येऊन बसेल, फळ खाईल आणि पिल्लं वाढवायला दुसरीकडे जाईल.

तुमच्या कढीपत्त्यावर जे दिसतंय ते बहुधा फुलपाखराचं बाळंतपण आहे. लहानपणी ही अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट, मध्ये पांढरा डाग. मोठी झाली की हिरवी होते. तिला बोट लावलंत तर डोक्यामागून दोन शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५मध्ये जाहीर झालेलं, तेही लिंबाच्याच कुळावर वाढतं. पानं गेली तरी झाड मरत नाही, पावसानंतर पुन्हा फुटतं. रोप फारच लहान असेल तर हाताने अळ्या उचला आणि शेजारच्या मोठ्या झाडावर सोडा.

आता बाटलीबद्दल. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा वेळी काउंटरवरून बऱ्याचदा इमिडाक्लोप्रिड येतं. ते आंतरप्रवाही आहे. पानावर मारलेलं झाडाच्या रसात जातं, रसातून फुलातल्या मधात आणि परागात. म्हणजे शिंजिराला आणि मधमाशीला तुम्ही वाटी भरून दिलीत. किडा मेला म्हणजे विषय संपला, असंही नाही. अर्जेंटिनात १९९५-९६च्या हंगामात शेतकऱ्यांनी टोळांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं. ते टोळ खाऊन आणि फवाऱ्यात सापडून स्थलांतरित शिकारी पक्षी मेले, हजारोंनी. आपल्याकडे हेच मोनोक्रोटोफॉस पिढ्यान्‌पिढ्या बांधावरच्या झोपडीत, पिण्याच्या कळशीशेजारी ठेवलं गेलं.

शेजारच्या बागेतला फवारा वाऱ्याने तुमच्या कुंपणावर येत असेल तर त्यांच्याशी बोला. वारा पडलेला असताना फवारणी करणं त्यांच्याही फायद्याचं आहे, वाया जाणारा पैसा त्यांचाच असतो. खरोखरच कीड हाताबाहेर गेली तर नमुना घेऊन कृषी अधिकाऱ्याकडे जा. दुकानदाराकडे नको, त्याला विकायचं असतं. निंबोळी अर्कसुद्धा विचारून मारा. "नैसर्गिक" म्हणून अळीला तो काही गोड लागत नाही.

प्रश्न : जुनं कुंपण घाणेरीचं आहे. पक्षी तर खूप येतात. काढायची गरज आहे का? (वाई)

आहे. पक्षी येतात हे खरं, फळ खाऊन बी डोंगरावर टाकतात हेही तितकंच खरं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेसाठी आणलेलं हे अमेरिकेतलं झुडूप आज सह्याद्रीच्या उतारांवर करवंदीची जागा खात बसलंय. गुरांनी पाला खाल्ला तर यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते. असं जनावर आढळलं तर पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवा. कुंपण एका दिवसात मात्र उपटू नका, आतले पक्षी उघड्यावर येतील. आधी आतल्या बाजूला नवी रोपं लावा. ती कमरेइतकी झाली की दर वर्षी घाणेरीचा एक तुकडा मुळासकट काढा, फळ धरण्याआधी.

प्रश्न : माळी मे महिन्यात छाटणी करतो, चालेल का? (मिरज)

नाही. मेमध्ये बुलबुलाची अंडी असतात, पावसाळ्यात वटवट्या आणि मुनियांची. डिसेंबर-जानेवारीत छाटा, तेही एका वर्षी एकच बाजू. धायटी तेवढी वगळा, तिची फुलं संपल्यावर हलकी छाटा. हात घालण्याआधी दोन पानं शिवल्यासारखी दिसतात का ते बघा. कडांना बारीक भोकं आणि त्यांतून कापसाच्या गाठी दिसल्या तर आत शिंप्याचं घरटं आहे. संरक्षित पक्ष्यांची घरटी-अंडी विस्कटणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीत मोजलं जातं. घरटं मध्येच आडवं आलं तर वनविभागाला विचारा, माळ्याला नको.

प्रश्न : घरात तीन वर्षांची नात आहे. काय टाळू? (कोरेगाव)

कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, दुरांता आणि मोगली एरंड. चारही नको. बिट्टीची एक बीसुद्धा लहान मुलाला धोक्याची. काही तोंडात गेल्याचा नुसता संशय आला तरी झाडाची फांदी बरोबर घेऊन दवाखाना गाठा. मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नका.

प्रश्न : दाट कुंपणात साप येतील का? (विटा)

साप उंदरांमागे येतो, उंदीर तुमच्या धान्यामागे. कुंपणाच्या तळाशी विटा, फरशा आणि खरकटं साठवू नका. दिसलाच तर सर्पमित्राला फोन करा. चावला तर मांत्रिक नाही, सरकारी दवाखाना.

प्रश्न : उरलेला भात आणि शेव घालू का? (फलटण)

नको. उथळ भांड्यात पाणी ठेवा, रोज घासून बदला.

प्रश्न : ऑनलाइन हमिंगबर्ड फीडर मागवलाय, सोबत लाल रंगाची पावडर आली आहे. साखर किती घालू? (सातारा)

भारतात हमिंगबर्ड नाहीत. पावडर फेकून द्या आणि फीडरचे पैसे परत मिळतात का ते विचारा.