संगणकावर उत्तम दर्जाचे संगीत ऐकण्यासाठी एएसआयओ ड्रायव्हर बसवावाच लागतो का?

आपण नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरून यूएसबी डॅक (संगणकातील डिजिटल ध्वनीचे हेडफोन किंवा स्पीकरसाठीच्या संकेतात रूपांतर करणारे उपकरण) आणला असून विंडोजवर त्यासाठी एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅम आणि ध्वनी-उपकरण यांना थेट जोडणारे सॉफ्टवेअर, घालावा का, असे विचारले आहे. केवळ ऐकण्यासाठी त्याची गरज नाही. स्टाइनबर्ग कंपनीने तो मुळात ध्वनिमुद्रणासाठी, आवाजाला होणारा विलंब कमी व्हावा म्हणून तयार केला.

खरी अडचण विंडोजच्या मिक्सरची आहे. सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करण्यासाठी तो त्यांना एकाच सॅम्पल रेटवर (दर सेकंदाच्या ध्वनी-नमुन्यांच्या संख्येवर) आणतो, त्यामुळे सीडीवरून घेतलेली ४४.१ किलोहर्ट्झची भैरवी वाजत असतानाही डॅकच्या पडद्यावर ४८ हा आकडा दिसू शकतो. फूबार२००० या संगीत वाजवण्याच्या प्रोग्रॅममध्ये आउटपुटच्या यादीतून डॅकच्या नावापुढे ‘एक्सक्लुझिव्ह’ लिहिलेला पर्याय निवडल्यास मिक्सर बाजूला राहतो आणि आकडा ४४.१ वर येतो. मात्र तेवढा वेळ इतर प्रोग्रॅमचा आवाज त्या डॅकवर येणार नाही.

विंडोज १० च्या २०१७ मधील १७०३ या आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ (यूएसबीवरून ध्वनी पाठवण्याचे एक मानक) चा ड्रायव्हर अंगभूत असल्याने बहुतेक डॅक जोडताच चालतात. तरीही आवाज तुटत असेल, तर उत्पादकाच्याच संकेतस्थळावरचा ड्रायव्हर घ्यावा; ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून फुकट मिळणारी साधने मी कोणालाही सुचवणार नाही.