एकच अमिनो आम्ल बदललं तर एवढा फरक का पडतो?

तुम्ही विचारलंय, शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीत एक बदललं तर प्रथिनाचा आकार आणि एन्झाइमचं, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचं, काम का बिघडतं, आणि प्रत्येक बदल घातकच असतो का. बदल कुठल्या जागी झाला आणि तिथे कोण येऊन बसलं, यावर सगळं ठरतं.

मी नागपुरात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे. त्याच्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये ऑक्सिजन काढून घेणाऱ्या द्रावणात थोडं रक्त टाकायचं, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. इतक्या वर्षांनंतरही त्या रेघा दिसेनाशा झाल्या की माझ्या पोटात कालवतं.

रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सिकलसेलमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, हे शास्त्रज्ञ व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवलं. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, त्याला पाणी मानवतं. व्हॅलिन तेलकट, पाण्यापासून लांब पळणारं. ही जागा रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे. ऑक्सिजन सुटला की व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या खोबणीत जाऊन बसतं, रेणूला रेणू जोडत दोरे तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. गंमत अशी की रेणूची स्वतःची घडी, म्हणजे साखळी दुमडून झालेला आकार, जवळपास शाबूत असते. त्याच सहाव्या जागी लायसिन आलं तर हिमोग्लोबिन सी बनतं. लायसिनही पाण्यात रमणारं, म्हणून असे दोरे होत नाहीत आणि त्रास बराच सौम्य असतो.

हिमोग्लोबिन एन्झाइम नाही, म्हणून दुसरं उदाहरण जी६पीडीचं. हे एन्झाइम लाल पेशींचं ऑक्सिडेशनपासून रक्षण करतं. त्याच्या 'ओरिसा' प्रकारात ४४व्या जागी ॲलानिनऐवजी ग्लायसिन असतं. फरक फक्त एका मिथाइल गटाचा! पण तो नेमका एनएडीपी हा एन्झाइमचा मदतनीस रेणू जिथे बसतो तिथे पडतो, आणि पकड सैल होते. लाल पेशीला केंद्रक नसल्याने नवं एन्झाइमही बनवता येत नाही. म्हणून जी६पीडी कमी असलेल्यांना मलेरियावरचं प्रायमाक्विन दिलं तर पेशी फुटू शकतात.

आता सगळेच बदल घातक का? नाही. प्रथिनाच्या गाभ्यात ल्युसिनच्या जागी भार असलेलं अमिनो आम्ल घुसलं तर घडीच विस्कटू शकते. पण पृष्ठभागावर लायसिनच्या जागी आर्जिनिन आलं, तर कित्येकदा एन्झाइमला त्याचा पत्ताही लागत नाही.