पोलीस विचारतात, 'तुम्ही तिचे कोण?'

प्रश्न : आमच्या एसटी स्टँडबाहेर माझी चहाची टपरी आहे. सात-आठ महिन्यांपासून तिथं चाळिशीतली एक बाई राहते. एकटीच बोलते, कान दाबून धरते, विष घातलंय म्हणून दिलेलं खाणं टाकून देते. आता पायाची जखम चिघळलीय. पोलीस म्हणाले, "तुम्ही तिचे कोण? नातेवाईक आणा." दवाखान्यात आधार कार्ड मागितलं. काही दुकानदार म्हणतात, बांधून टेम्पोतून लांब सोडून येऊ. मी पुढं झालो तर सगळं माझ्याच गळ्यात पडेल का?

उत्तर : नाही पडणार. आधी टेम्पोचं थांबवा. मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळदंडात ठेवायला 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात बंदी आहे, आणि कुणालाही बांधून, उचलून नेणं हा तर सरळ गुन्हा आहे. हे त्या दुकानदारांना स्पष्ट सांगा.

तिचा आजार स्किझोफ्रेनियाच (भास आणि टोकाचे संशय येणारा मानसिक आजार) आहे का, ते डॉक्टर ठरवतील. पोलिसांना त्या नावाची गरजच नाही. हद्दीत फिरणारी व्यक्ती मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं दिसलं, की तिला संरक्षणात घेऊन लवकरात लवकर, फार तर 24 तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी नेणं हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 100. तिला कोठडीत ठेवता येत नाही. नातेवाईक शोधून आणणं तुमचं काम नव्हेच. हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा माग काढायचा तो पोलिसांनी. म्हणून तोंडी बोलू नका. कलम लिहून साधा अर्ज द्या, जखमेचा उल्लेख करा, नेताना महिला पोलीस सोबत हवी असं लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. पोच मिळाली की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

आधार कार्डाचं म्हणाल, तर बेघर व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्य केंद्रात उपचार मोफत मिळायलाच हवेत. दारिद्र्यरेषेचं कार्डसुद्धा लागत नाही (कलम 18).

तरीही कुणी हललं नाही, तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा किंवा 15100 वर फोन करा. स्त्री म्हणून, उत्पन्न न बघता, तिला मोफत वकील मिळतो. तो वकील दंडाधिकाऱ्यांकडून तपासणीचा आदेश मागू शकतो.

अर्जावर सही केली म्हणून तुम्ही तिचे पालक होत नाही. पण तुमचं काम पुढं लागणार आहे, ते ऐका. तिला कायमचं कोंडून ठेवायला हा कायदा नाही. समाजात राहण्याचा हक्क तिला कलम 19 ने दिलाय. बरं वाटल्यावर गोळ्या कुठं ठेवायच्या, हा बेघर माणसाचा खरा प्रश्न असतो. काही रुग्णांना महिन्याला एक इंजेक्शन चालतं. डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

आणि आज एक करा. ती बडबडते त्यातली गावांची, माणसांची नावं, बोलीतले शब्द वहीत टिपून ठेवा आणि अर्जाला जोडा. घर शोधायला पोलिसांना सध्या तेवढाच धागा आहे.