फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या इमो (पंक रॉकमधून निघालेला भावनाप्रधान रॉक) बँडचा अल्बम तुम्हाला कसा सापडला? असे अल्बम शोधायचे कसे?

मला तो शोधावा लागला नाही, आणि अल्बम 'शोधून काढल्याचा' अभिमान मिरवणाऱ्या मंडळींविषयी माझे मत फारसे बरे नाही. त्याचे कारण घरातलेच आहे.

२०११ च्या चतुर्थीला मुंबईहून आलेला माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, देवगडजवळच्या आमच्या मूळ घरी आपला पेन ड्राइव्ह विसरून गेला. गणपतीचे फोटो मेमरी कार्डावर भरून घ्यावेत म्हणून मी तो बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात नेला, तेव्हा फोटोंच्या खाली 'अमेरिकन फुटबॉल' नावाचे फोल्डर दिसले. सामन्यांचे व्हिडिओ असतील असे समजून ते उघडले, तर आत नऊ गाणी आणि एक चित्र निघाले: पांढऱ्या घराचा खालून टिपलेला वरचा मजला आणि उजेड असलेली एक खिडकी. दुकानदाराने पहिले गाणे लावले, थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारले, "गाणारो खंय गेलो?" तरीही मी ते फोल्डर कार्डावर घेतले. नंतर सायबर कॅफेत ते नाव टाइप केले, तर शिरस्त्राण घातलेले खेळाडूच पडद्यावर येत राहिले; बराच वेळ घालवल्यावर कळले की हा इलिनॉयमधल्या अर्बाना गावच्या तीन विद्यार्थ्यांचा बँड होता, त्यांचा हा अल्बम १९९९ साली पॉलिव्हिनिल या छोट्या कंपनीने काढला, आणि शिक्षण संपताच तिघे पांगल्यामुळे बँडही तिथेच थांबला होता.

माझे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्या आठवड्यात एका संध्याकाळी पाऊस लागून राहिला होता, वीज गेली होती आणि वडील पडवीत कंदिलाच्या उजेडात धुमेवरची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावरची, सुकलेली कणीक खरवडत बसले होते. मी मोबाइल कठड्यावर ठेवून तो अल्बम लावला. त्यांनी काही वेळ मान वर केली नाही. मग त्यांची बोटे गुडघ्यावर मात्रा मोजू लागली, थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. "सम खंय आसा ह्येची?" त्यांनी थोड्या रागानेच विचारले. सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. त्यांचा राग रास्त होता, कारण एक गिटार आपले आवर्तन पुरे करून परत येते तेव्हा दुसरी अजून वाटेतच असते, आणि ड्रम या दोघींपैकी कुणाचीही बाजू न घेता स्वतःच्या हिशेबाने चाललेला असतो. तिसऱ्या खेपेस सगळी वाद्ये एका ठिकाणी येऊन मिळाली, तेव्हा वडिलांनी मांडीवर थाप मारली आणि हातातली कामटी बाजूला ठेवली. पुढे ट्रम्पेट सुरू झाल्यावर आईने आतून विचारले की वरात कुणाची चालली आहे. ट्रम्पेट वाजवणारा आणि ड्रम वाजवणारा एकच, स्टीव्ह लेमॉस, हे मी सांगितले, तेव्हा वडिलांना त्याच्याविषयी एकदम आदर वाटू लागला. "पखवाजी सनय वाजयता?" असे त्यांनी दोनदा विचारले.

मित्राची गिटार आणून मी ते सूर पकडू पाहिले, पण नेहमीच्या जुळवणीत बोटे कुठेच पोहोचत नव्हती. तारा वेगळ्या लावलेल्या आहेत हे समजायला मला दोन महिने लागले: सहावी तार अर्ध्या स्वराने चढवून एफ या पाश्चात्त्य सुरावर, चौथी एका स्वराने उतरवून सीवर, दुसरी अर्ध्या स्वराने चढवून सीवर, आणि उरलेल्या तीन जागच्या जागी. धुमेला कणीक कमी-जास्त करून आयुष्य काढलेल्या माणसाला यात नवल वाटले नाही. उलट हे आधी का तपासले नाहीस म्हणून मलाच बोलणी बसली.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. याद्या वाचू नका, माणसांचा माग काढा. या बँडचा गायक माइक किन्सेला त्याआधी शिकागोच्या कॅपन जॅझमध्ये ड्रम वाजवत होता आणि तिथे त्याचा भाऊ टिम गात होता. या एका घराचे धागे धरले तरी वर्षभराचे ऐकणे होते. डोळ्यांत काजळ आणि कपाळावर केस म्हणजे इमो, एवढेच ज्याला ठाऊक आहे, त्याचा सल्ला घेऊ नका. ऐंशीच्या दशकात वॉशिंग्टनच्या हार्डकोर, म्हणजे वेगवान आणि आक्रमक पंक वाजवणाऱ्या, बँडांनी हे सुरू केले, तेव्हा काजळाचा काही संबंध नव्हता.

मात्र सापडलेले लपवून ठेवू नका, आणि इथे मला दादाविषयी बोलावेच लागेल. त्या वर्षी मी गावातल्या पाच-सहा मुलांच्या कार्डावर हा अल्बम भरून दिला. दादाला ते कळल्यावर तो महिनाभर बोलला नाही; त्याची वस्तू मी चव्हाट्यावर मांडली असे त्याचे म्हणणे होते. २०१४ साली बँड पुन्हा एकत्र आला आणि अल्बमही नव्याने काढला गेला, तेव्हा चतुर्थीला आरतीनंतर त्याने सर्वांसमक्ष जाहीर केले की आता ते बाजारू झाले, आणि त्यात माझाही हात आहे. पाच-सहा मेमरी कार्डांनी इलिनॉयमध्ये काय घडणार होते, हे त्याचे त्यालाच माहीत. पण जगभर लोकांनी ही गाणी पंधरा वर्षे एकमेकांच्या हाती दिली नसती, तर ते तिघे पुन्हा कशासाठी जमले असते? चित्रातले ते घरसुद्धा पाडले जाऊ नये म्हणून २०२३ साली बँडने आणि पॉलिव्हिनिलने आणखी काही जणांसह विकत घेतले. लपवून ठेवलेल्या गोष्टीसाठी कुणी घर विकत घेत नाही.

हेही सांगायला हवे की आज या अल्बमला अनोळखी म्हणणे हास्यास्पद आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझे उदाहरण कदाचित लागू पडणार नाही. शिवाय शब्दांपुरते बोलायचे तर ती विशीतल्या मुलांची प्रेमभंगाची कुरकुर आहे. माझा जीव गुंतला तो वाजवण्यात.

दादा हे वाचत असेल, तर त्याने एवढेच सांगावे: अल्बम २०१४ साली पुन्हा निघाला नसता, तर डोंबिवलीच्या त्याच्या घरात टीव्हीशेजारी उभी करून ठेवलेली ती तबकडी त्याने कुठून आणली असती? तिच्यावरचे प्लॅस्टिकसुद्धा त्याने अजून काढलेले नाही.