कोळंबी जिवंत, मासेच तेवढे मरतात: अमोनिया शून्य असेल तर पाण्याच्या मागे लागू नका

समुद्री माशांची ४५ लिटरची टाकी, पाच आठवडे झालेले, अमोनिया-नायट्राइट शून्य, सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) १.०२५, तापमान २७. तरी १२ दिवसांत क्लाउनफिशच्या दोन जोड्या गेल्या, आणि क्लीनर श्रिंप आणि गोगलगायी मात्र मजेत आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी याच चक्रातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. सायकल (म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टाकीत तयार होणं), पाणी बदलणं वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. पाण्यात तांबं असतं, डास मारायच्या लिक्विड मशीनचं औषध किंवा पेस्ट कंट्रोलचा फवारा उतरला असता, तर आधी कोळंबी मेली असती. ती व्यवस्थित कात टाकतेय म्हणजे विषाचा संशय जवळजवळ सोडून द्या. उरतात तीन गोष्टी: रात्रीचा ऑक्सिजन, मासा आणतानाचा धक्का आणि परजीवी.

ऑक्सिजनचं लगेच कळतं. पाण्यावर तेलकट साय धरली असेल, वर काच घट्ट बसवली असेल आणि मासे पहाटे पृष्ठभागाशी तोंड काढत असतील तर पॉवरहेडचं (पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचं) तोंड वर वळवा. पण तेच कारण असतं तर जोडीतले दोन्ही मासे बहुधा एकाच रात्री गेले असते. तुमचे तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी गेले.

आता धक्क्याचं. बरेच दुकानदार सॅलिनिटी १.०१८ ते १.०२० ठेवतात, मीठ वाचतं आणि परजीवीही थोडे दबून राहतात. तिथला मासा एका दुपारी १.०२५ मध्ये सोडला की दोन-तीन दिवसांनी जाऊ शकतो. पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर, बघाच. (तो आरओच्या पाण्याने नाही, ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजारात ३५ भाग क्षारांच्या, द्रावणाने कॅलिब्रेट करा.) फरक असेल तर क्वारंटाइन टाकी (नवे मासे आधी वेगळे ठेवायची) दुकानाच्या सॅलिनिटीला लावा आणि रोज ०.००१ ते ०.००२ चढवा. कुरिअरने आलेल्या माशाला दोन तास ड्रिप (थेंब-थेंब टाकीचं पाणी सोडणं) लावू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, म्हणून तिथला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, मग उघडून लगेच मासा काढा.

तरीही माझा अंदाज परजीवीचाच आहे. दुसरी जोडीही तशीच गेली, यावरून पक्का होत चाललाय.

मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच: टाकी रिकामी झाली की आठवड्याच्या आत त्याच पाण्यात नवे मासे सोडणं. त्यामागे एका दुकानाच्या काउंटरवरचा सल्ला होता. पाण्याचा नमुना न्या, चाचणीची पट्टी बुडवतात, म्हणतात "पाणी ओके आहे, स्ट्रेसने गेले, दुसरी जोडी घेऊन जा". पट्टीला परजीवी दिसत नाही. मेलेल्या माशाचे कल्ले कोणी उघडून बघत नाही. ज्यांना आपण विश्वासाने विचारतो त्यांनी निदान "माहीत नाही" म्हणावं; "स्ट्रेस" हे निदान नव्हे. त्या एका शब्दापायी किती जीव जातात याचा मला आजही राग येतो.

मखमल रोग, म्हणजे मरीन व्हेल्व्हेट, आधी कल्ल्यांवर बसतो. त्यामुळे अंगावर ठिपके दिसायच्या आतच मासा गुदमरून मरतो आणि "कारणच कळलं नाही" असं वाटतं. माशावरून गळून तळाशी पडलेली एक गाठ २५६ पर्यंत पिल्लं सोडू शकते, आणि ४५ लिटरमध्ये ती नव्या माशाला लगेच गाठतात. खुणा अशा: मासा पॉवरहेडच्या झोतात तोंड करून उभा राहतो, उजेड टाळतो, जेवण सोडतो. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च वरून तिरकी मारा. अंगावर पिठासारखी बारीक सोनेरी धूळ चमकते का बघा. कल्ल्यांची उघडझाप मिनिटाला शंभराच्या पुढे गेली तर मी उपचाराला थांबत नाही.

क्लाउनफिशमध्ये दुसरा मारेकरी म्हणजे ब्रूकलिनेला हा परजीवी. त्यात अंगावर घट्ट पांढरट शेंबडासारखा थर येतो आणि कातडीचे पापुद्रे सुटतात. फरक ओळखणं गरजेचं आहे, कारण तांब्याने व्हेल्व्हेट मरतो, ब्रूकलिनेला मरत नाही. त्याला फॉर्मलिन (फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण) लागतं.

मासा नुकताच मेला असेल तर फेकू नका. तासाभरात टूथपिकने कल्ल्याचं झाकण उचला, कात्रीच्या टोकाने कल्ल्याचा केसाएवढा तुकडा काढा, टाकीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवून वर काच ठेवा. शाळेच्या मायक्रोस्कोपवर १०० पट पुरतं. जागेवर स्थिर, काळपट, पेरूसारखे गोळे म्हणजे व्हेल्व्हेट. घेवड्याच्या दाण्यासारखे, सरपटत फिरणारे म्हणजे ब्रूकलिनेला. उशीर केला तर परजीवी सोडून गेलेले असतात.

उपचार मुख्य टाकीत कधीच नाही. तांबं दगडात मुरतं आणि तुमची कोळंबी जाईल. ४० लिटरचा प्लास्टिक क्रेट, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसीचे एल्बो एवढं पुरतं. चिलेटेड तांबं (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं) २.० ते २.५ पीपीएम, ३० दिवस, रोज मोजून. बाटलीवर चिलेटेड लिहिलंय का ते बघा; साध्या आयनिक तांब्याचा डोस याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असतो, तो इतका दिला तर मासाच मरेल. ब्रूकलिनेलासाठी ३७ टक्के फॉर्मलिन लिटरला ०.१५ मिली, वेगळ्या बादलीत, एअरस्टोन जोरात, ३०-४५ मिनिटं. मासा कलंडला की लगेच बाहेर. बाटलीत पांढरा साका दिसला तर ती वापरू नका. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. मी पशुवैद्य नाही. हे डोस मला जमलेले आहेत, तुमच्या जबाबदारीवर वापरा.

परजीवी उपाशी मरावा म्हणून मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवा. व्हेल्व्हेटला सहा आठवडे पुरतात म्हणतात, पण इचही (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी) असू शकतो, म्हणून मी कमी करत नाही. कोळंबी-गोगलगायी राहू द्या आणि दोन दिवसांआड चिमूटभर खाणं टाका, म्हणजे बॅक्टेरियाही उपाशी राहत नाहीत. जाळी, मग, हात दोन्ही टाक्यांत एक नको. एअरस्टोनच्या तुषारांतूनही हे पसरतं, क्रेट शक्य तितका लांब ठेवा.

पुढच्या वेळी पैदास केलेले क्लाउनफिश मागा. आता आपल्याकडेही पैदास होते. ऐरोलीच्या कांदळवनाच्या केंद्रातही ती झालेली आहे. असे मासे पिंजऱ्यात-पिशव्यांत कमी हाल सोसून येतात, तरी क्वारंटाइन सुटत नाही. आणि टाकीत किनाऱ्यावरून उचललेलं प्रवाळ असेल तर तेही सांगतो: आपल्या वन्यजीव कायद्याने प्रवाळ संरक्षित आहे, मेलेला सांगाडासुद्धा.

तूर्तास तिसरी जोडी आणू नका. शेवटचा मासा कसा श्वास घेत होता आणि अंगावर थर होता की धूळ, एवढं कळवा, म्हणजे तांबं की फॉर्मलिन ते ठरवता येईल.