अंगठा दिलात, म्हणजे सही केलीत

वेंगुर्ल्याच्या एका वाचकांचे वडील बोटीवर कामाला होते. १९७० च्या सुमारास त्यांनी जपानहून यामाहाची एफजी-१८० गिटार आणली, आतमध्ये लाल लेबल असलेली. २०२१ मध्ये वाचकांनी ती म्हापशाच्या एका कारागिराकडे दिली. वाकलेली नेक (बोटं फिरवायचा लांब दांडा) काढून नव्या कोनात बसवली, ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) बदलला, आत पिकअप (आवाज स्पीकरपर्यंत नेणारं उपकरण) घातला. बिल ९,५०० रुपये. यंदा त्यांनी ती कोल्हापूरच्या एका तरुणाला ३८,००० रुपयांना विकली. सौद्याआधी त्याने व्हॉट्सॅपवर विचारलं होतं, ‘सगळं ओरिजिनल आहे ना?’ वाचकांनी उत्तर म्हणून फक्त थम्सअप पाठवला. तो घरी आला, तासभर वाजवून पाहिली, पैसे मोजले आणि घेऊन गेला. बारा दिवसांनी त्याचा फोन: नेक रीसेट केलेली, म्हणजे काढून पुन्हा बसवलेली आहे, पैसे परत द्या, नाहीतर पोलीस आणि ग्राहक न्यायालय. वाचक लिहितात, ‘मी एक शब्द खोटो बोलूक नाय. माझो काय गुन्हो?’

शब्द नाही बोललात, पण अंगठा दिलात. आपल्याकडे अंगठ्याला सहीइतकाच मान आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. कॅनडातल्या एका कोर्टाने २०२३ मध्ये थम्सअपला कराराची संमती धरलं. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण इथला न्यायाधीशही त्या चित्राचा अर्थ ‘हो’ असाच लावेल.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये एक घोडा आहे. तो आजारी आहे हे ठाऊक असूनही मालक लिलावात गप्प बसतो, ही फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो,’ आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजेच बोलणं. तुमच्या ग्राहकाने तर सरळ प्रश्न केला होता. त्यामुळे ‘मी काही बोललोच नाही’ हा बचाव आजच सोडून द्या.

तरी तुमची बाजू अगदीच लंगडी नाही. मनात खोट ठेवून केलेली फसवणूक नसेल, नुसतं चुकीचं सांगणं असेल, तर कलम १९ चा अपवाद कामी येतो: साध्या दक्षतेने खरं काय ते कळण्यासारखं असेल, तर घेणाऱ्याला करार मोडता येत नाही. पिकअपसाठी खालच्या बाजूला पाडलेलं भोक आणि तिथली जॅक (केबल खोचायची जागा) त्याने पाहिली असणारच, केबल लावूनच तर वाजवली असेल. नवा ब्रिजही जुन्या वार्निशशेजारी उठून दिसतो. नेकची गोष्ट वेगळी. चांगल्या कारागिराचा सांधा मुळाशी नखाएवढी पॉलिशची रेघ सोडतो, ती तासाभराच्या वाजवण्यात कोण शोधणार? तिथे तो जिंकू शकतो.

ग्राहक न्यायालयाची धमकी पोकळ आहे. घरातली एक जुनी वस्तू एकदा विकली म्हणून तुम्ही व्यापारी होत नाही. तुम्ही नेहमी गिटारी घेऊन विकत असाल, तर मात्र मला आधीच सांगायला हवं होतं. पोलिसांचं म्हणाल, तर फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासूनचा खोटा हेतू लागतो. बिल लपवलं नसेल, तर तो दाखवणं सोपं नाही. खरा धोका दिवाणी दाव्याचा, आणि त्याला तीन वर्षांची मुदत आहे.

दाव्यात त्याला किती मिळेल, हे बघण्यासारखं आहे. माल स्वीकारल्यावर साधारणपणे तो परत करता येत नाही, किमतीतला फरक मागता येतो (माल विक्री कायदा, १९३०, कलम १३ आणि ५९). फरक किती? संग्राहकाला नेक रीसेट म्हणजे डाग. वाजवणाऱ्याला मात्र पन्नास वर्षांच्या गिटारच्या वर गेलेल्या तारा पुन्हा बोटांखाली येणं म्हणजे फायदाच. आपल्याकडच्या पावसाळी हवेत दुरुस्तीशिवाय ती वाजली तरी असती का? म्हणूनच ते ९,५०० चं बिल जपून ठेवा. नेकची गोष्ट कळल्यानंतरही तो ती कार्यक्रमात वाजवत असेल, तर ‘मला नकोच’ हे त्याचं म्हणणंही ढिलं पडतं. तसा व्हिडिओ दिसला, तर तारखेसह जपून ठेवा.

माझा सल्ला असा: दोन पर्याय लेखी कळवा. एक, गिटार विकली तेव्हा होती तशीच आणून द्यावी आणि ३८,००० घेऊन जावेत. दोन, दोघांना मान्य असलेल्या कारागिराने सांगितलेला फरक घेऊन विषय संपवावा. वडिलांची वस्तू परत आली, तर तुम्हालाही वाईट वाटणार नाही, असा माझा आपला अंदाज. पैसे बँकेतूनच द्या आणि ‘कोणतीही तक्रार उरली नाही’ या ओळीखाली त्याची सही घ्या. चॅट पुसू नका. कोर्टात गेलंच, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह ते दाखल करावं लागेल. आणि तोवर त्याच्या कुठल्याही मेसेजला अंगठा पाठवू नका.