14 हजारांची नोकरी की बेकारीचा भत्ता?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गोव्यात कुंडईची तुझी 20 हजारांची नोकरी गेली, वेर्ण्याला कंत्राटदाराकडे 14 हजारांची मिळते आहे, आणि घरात दोन तट पडलेत. एकजण म्हणतो, भत्ता घे आणि चांगल्याची वाट बघ. दुसरा म्हणतो, मिळेल ते धर. भत्ता माणसाला आळशी करतो का, हा वाद जिथे तो वर्षभर मिळतो तिथे शोभतो. आपल्याकडे तो जास्तीत जास्त 90 दिवस, तोही आयुष्यात एकदाच. तेव्हा तत्त्व बाजूला ठेव आणि कागद घे.

हा भत्ता देणारी ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 मध्ये सुरू झाली तेव्हा सरासरी रोजच्या पगाराच्या 25 टक्के देत होती. 2020 मध्ये ते 50 टक्के झाले. तुझ्या 20 हजारांवर रोजचे साधारण 333 रुपये, म्हणजे 90 दिवसांचे 30 हजार. बेकारीला 30 दिवस झाल्यावर दावा करता येतो. नोकरी जाण्याआधीची 2 वर्षं विमाधारक नोकरी आणि वर्गणीचे पुरेसे दिवस लागतात. गैरवर्तनामुळे काढलं असेल तर काहीच नाही. योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, म्हणून आधी शाखा कार्यालयात जाऊन ती आज लागू आहे का ते विचार, मगच हिशेबात धर.

आता वेर्णा. पूर्ण 14 हजार पगार पीएफसाठी धरला तर 12 टक्के म्हणजे 1,680 जातील, ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 105. हातात 12,215. साखळीहून पणजीला आणि तिथून पुढे बस बदलत गेलास आणि रोजचे 120 रुपये लागले, तर 26 दिवसांचे 3,120. उरले 9,095. भत्त्याच्या महिना 10 हजारांपेक्षा कमी! इथेच बहुतेकजण हिशेब थांबवतात आणि घरी बसतात. पण पीएफमध्ये तुझ्या 1,680 सोबत मालकाचाही तेवढाच हिस्सा जमा होतो (त्यातला मोठा भाग पेन्शनकडे जातो), पेन्शनला लागणाऱ्या 10 वर्षांच्या सेवेत भर पडते आणि एकदाच मिळणारा भत्ता खऱ्या अडचणीसाठी शिल्लक राहतो. कंपनीची बस साखळीहून किंवा निदान म्हापशाहून उचलत असेल तर सगळा आकडाच बदलतो. म्हणून पगाराआधी बस विचार.

कंत्राटदाराला एवढंही विचार, की मालकाचा 3.25 टक्के ईएसआय हिस्सा तो तुझ्या 14 हजारांतून कापणार का? तसं करणं बेकायदेशीर आहे, पण 'एकूण पगार' या गोड शब्दाखाली तो आत बसवलेला असतो. पे स्लिप नाही, रोख पैसे, पीएफ नाही अशी नोकरी असेल तर पगार 16 हजार असला तरी नको. तिचा पुरावाच उरत नाही, मग भत्ता काय आणि पुढच्या नोकरीत पगारावर बोलणं काय.

कुंडईचं अजून संपलेलं नाही. 'राजीनामा लिहून दे, लगेच पैसे सोडतो' असं म्हणतील. लिहू नकोस. नोकरकपात म्हणून काढलं आणि वर्षात 240 दिवस भरले असतील, तर भरलेल्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. राजीनाम्याने ती जाते. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का बघ. मालकाने नाही भरली, तर शेवटच्या वर्गणीनंतर 2 महिन्यांनी ती स्वतः भरता येते. पैसे काढू नकोस, जुना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) नव्या जागी दे. आधारवर गावकर एका स्पेलिंगने आणि ईएसआयकडे दुसऱ्याच, हे गोव्यात सर्रास. दावे इथेच अडकतात, आजच जुळवून घे.

हॉटेलातल्या तुझ्या मित्रालाही हे दाखव, त्याचा घोळ वेगळा आहे. ईएसआयचा वर्गणी काळ 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. मेअखेर सीझन संपतो. एप्रिल-मे मिळून होतात 61 दिवस. आजारपणाच्या रजेचे पैसे मिळायला त्या वर्गणी काळात 78 लागतात. म्हणून पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, ऐन सीझनात आजारी पडला तर पगाराच्या 70 टक्के मिळणारा तो लाभ नाही. पावसाळ्यात ईएसआय असलेल्या ठिकाणी 17 दिवसांचं कमी पगाराचं काम धरलं तरी खड्डा भरतो. तिथे 'एवढ्या पैशांत कोण जाणार' म्हणणं महाग पडतं.

सरकारी परीक्षेची तयारी चालू असेल तर रात्रपाळी घेऊ नकोस, पाहिजे तर हजारभर कमी घे. माझं मत असं: कंपनीची बस आणि दिवसपाळी दोन्ही मिळाली तर वेर्णा धर, आणि नोकरीत राहूनच दुसरी शोध. बस नसेल, तर 30 दिवस जवळपास डिचोली, होंड्याला विचारपूस कर. त्यातून काहीच हाती लागलं नाही तर भत्त्याचा दावा टाक. नेमणूकपत्रावर सही करण्याआधी मला त्याचा फोटो पाठव, बसचा थांबा आणि पाळी कळली की आकडे पुन्हा मांडू.